कामिनो करताय? सारियापासून नको, अस्तोर्गापासून चाला

कामिनो दे सांतियागो (स्पेनमधली सांतियागो शहरापर्यंतची पायी यात्रा) म्हटलं की सगळे सारिया सारिया करतात, कारण कोंपोस्तेला म्हणजे ते सर्टिफिकेट मिळायला किमान १०० किमी चाललं की पुरतं आणि सारिया सांतियागोपासून साधारण ११५ किमीवर आहे. पण दोन आठवडे रजा मिळत असेल तर अस्तोर्गापासून सुरू करा. साधारण २६० किमी होतात आणि खरं सांगू का, या वाटेवरची बघण्यासारखी गावं बरीचशी सारियाच्या आधीच येतात.

माद्रिदहून अस्तोर्गाला थेट बस आहे. आदल्या दिवशी पोचा, गाउदीने डिझाइन केलेला बिशपचा वाडा बघा आणि अल्बेर्गेतून (यात्रेकरूंचं हॉस्टेल, बंक बेडवालं) क्रेडेन्शियल (यात्रेकरूचा पासपोर्ट) घ्या. त्यावर मुक्कामाला, चर्चमध्ये, अगदी चहाकॉफीच्या बारमध्येही शिक्के मारून मिळतात. शेवटच्या १०० किमीत मात्र रोज दोन तरी शिक्के हवेतच, ते विसरू नका.

पहिल्या दिवशी वाट जरा वाकडी करून कास्त्रियो दे लोस पोल्वासारेसला जा. अख्खं गाव लालसर दगडाचं, आणि तिथलं कोसिदो मारागातो हे जेवण उलटं खातात, आधी मांस, मग काबुली चणे नि कोबी, सूप सगळ्यात शेवटी. भरपेट खाल्लंत तर पुढे राबानालपर्यंत चालणं होणार नाही, तेव्हा बेतानं.

राबानालच्या पुढे क्रूझ दे फेरो, उंच लाकडी खांबावर छोटासा लोखंडी क्रूस आणि खाली लोकांनी आणून टाकलेल्या दगडांचा ढीग. घरून निघतानाच एक खडा खिशात टाका, तिथे उचलून तिथेच टाकण्यात काय मजा. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना इथवरच्या चढाचं काही वाटायचं नाही, पण पुढचा एल आसेबो ते मोलिनासेका उतार सुट्या दगडांचा आहे, गुडघ्यांची पार वाट लागते, स्टिक हव्यातच. मोलिनासेकाला पुलाखाली नदीत पाय सोडून बसा, घाई करू नका.

पोनफेरादाचा टेम्पलर (मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मयोद्धे) किल्ला तासाभरात होतो. व्हियाफ्रांकाला सांतियागो नावाच्या चर्चचं क्षमेचं दार आहे, जे आजारपणामुळे पुढे जाऊ शकत नसत त्यांना पूर्वी इथेच पापमुक्ती मिळायची. मग ओ सेब्रेरोचा चढ, सुमारे १३०० मीटरवर. वर गवताने शाकारलेली गोलसर दगडी घरं आहेत, पायोसा म्हणतात त्यांना. सगळ्या वाटेवर जे पिवळे बाण दिसतात ना, ते १९८० च्या दशकात रंगवायला सुरुवात करणारे पाद्री एलियास वालिन्या इथलेच, चर्चजवळ त्यांचा अर्धपुतळा आहे. त्रियाकास्तेलाला वाट फुटते, तिथे लांब पडली तरी सामोसची घ्या, मठ चुकवू नका.

सारियानंतर गर्दी. सरकारी अल्बेर्गेत बुकिंग नसतं, पहिला येईल त्याला बेड, म्हणून जुलै-ऑगस्टला प्रायव्हेट आधीच बुक करा. पोर्तोमारिनचं जुनं गाव १९६० च्या दशकात धरणाखाली गेलं आणि चर्च दगड-दगड सुटा करून वर नव्याने रचलं, नीट बघितलंत तर दगडांवरचे नंबर अजून दिसतात. मेलिदेला ऑक्टोपस, कात्रीने कापून लाकडी ताटलीत, वर ऑलिव्ह तेल, पाप्रिका आणि जाडं मीठ. व्हेज असाल तर तोर्तिया (बटाटा-अंडं) आणि पाद्रोनच्या मिरच्या यांवर निभतं, पण एन्सालादा मिक्स्ता मागवताना ट्यूना नको म्हणून आधी सांगा, नाव सॅलड असलं तरी तो असतोच. काल्दो गायेगो या सूपमध्ये पण मांस किंवा चरबी असते.

सांतियागोला पोचायच्या आधी कोंपोस्तेलासाठी ऑनलाइन नाव नोंदवून ठेवा, लाइन पटकन सरकते. आणि कॅथेड्रलमधलं ते भलंमोठं धूपपात्र, बोताफुमेइरो, रोज झुलवत नाहीत, त्यामुळे निव्वळ त्याच्यासाठी परतीचं तिकीट पुढे ढकलू नका.