तीस मिनिटांचं स्थिरचित्र: आधी टोन, मग रंग

इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेतला स्थिरचित्राचा (समोर मांडलेल्या वस्तूंच्या चित्राचा) पेपर असो की घरचा सराव, वेळ संपल्यावर बहुतेकांचा कागद एकाच अवस्थेत सापडतो. एका वस्तूवरची नक्षी पूर्ण, मागचं कापड कोरं आणि प्रत्येक वस्तू आपापल्या वेगळ्या उजेडात बसलेली. हात मंद असतो म्हणून हे होतं असं नाही. गडद किती आणि फिकं किती, म्हणजेच टोन, हे ठरायच्या आधीच रंग लागलेला असतो. घड्याळ लावून सराव करायचा तो हे ठरवायची सवय लागावी म्हणून. हाताचा वेग नंतर आपोआप येतो.

मांडणीत तीनच वस्तू घ्या: एक लिंबू, एक चकचकीत काळंजांभळं भरताचं वांगं आणि एक साधा पांढरा कप. खाली आणि मागे बिनछापाचं राखाडी किंवा मातकट कापड. फिकं, गडद आणि पांढरं अशी तिन्ही टोकं यात येतात.

उजेड एकाच बाजूचा हवा. दिवसा एक खिडकी चालेल, पण थेट ऊन येणारी नको, कारण अर्ध्या तासात पडछाया (वस्तूची कापडावर पडणारी सावली) सरकते. रात्री 9 वॅटचा एलईडी बल्ब वस्तूंपासून दोनेक फुटांवर, डावीकडे आणि थोडा वर लावा. खोलीतली ट्यूब चालू राहिली तर पडछाया दोन पडतात आणि छायेची बाजू फिकी पडते. मात्र कागद अंधारात ठेवू नका. मंद उजेडात आपण नकळत रंग फिके करत जातो आणि सकाळी ते चित्र धुतल्यासारखं दिसतं. कागदावर दुसरा दिवा घ्या आणि त्याचा उजेड मांडणीवर जाऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठा उभा करा.

पोस्टर कलर या सरावाला उत्तम: स्वस्त, झाकणारे, पटकन वाळणारे. कागद पांढराशुभ्र नको, त्यावर प्रत्येक रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो. आधी कागदाला राखाडी हात मारून घ्यायचा मोहही टाळा, कारण पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने सुटतो आणि खालचा राखाडी वर येऊन सगळं मळकट होतं. ड्रॉइंग पॅडच्या मागचा राखाडी पुठ्ठा कापून वापरा. त्यावर साधारण 15 × 20 सेंटिमीटरची चौकट आखा. ब्रश दोन सपाट, 12 आणि 6 नंबरचे, आणि एक 3 नंबरचा गोल. गोल ब्रश शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत बाजूला.

पहिला कागद: फक्त काळा-पांढरा, 20 मिनिटं

काळा आणि पांढरा मिसळून चार टोन तयार करा: 1 सर्वांत फिका, 4 सर्वांत गडद. पाचवा करायचा नाही. डोळे किलकिले करून मांडणीकडे बघा आणि प्रत्येक भागाला यातला एक आकडा द्या. इथे दोन गोष्टी बहुतेकांना पटत नाहीत. वांग्याची उजेडातली बाजू लिंबाच्या छायेतल्या बाजूपेक्षा गडद असते. आणि पांढऱ्या कपाची छायेतली बाजू उजेडातल्या लिंबापेक्षा गडद निघते. कप पांढरा आहे हे ठाऊक असल्यामुळे तिथे हात कचरतो आणि कप कागदाच्या भोकासारखा दिसू लागतो.

वांग्याची छाया आणि त्याची पडछाया दोन्हींना 4 मिळाला, तर मधली रेषा पुसून टाका. तो एकच आकार म्हणून भरा. वस्तूची कड तिथे हरवली तरी चालते, उलट चित्र त्यामुळेच बांधलं जातं.

दुसरा कागद: रंग, 30 मिनिटं

रंग सात: पांढरा, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी), क्रिमझन (किरमिजी), अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). काळी बाटली आता कपाटात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून पुरेसा गडद रंग होतो.

वेळ अशी वाटा: रेखाटन 3 मिनिटं, रंग मिसळणं 10, मोठे आकार भरणं 12, कडा आणि ठसठशीत जागा 5. मिसळण्याला दहा मिनिटं म्हटलं की लोक हसतात, पण खरं काम तिथेच होतं. तीन वस्तू आणि कापड, प्रत्येकाचा उजेड आणि छाया असे आठ ढीग करा. वस्तूंचे सुपारीएवढे, कापडाचे त्याच्या दुप्पट. अर्ध्यात रंग संपला तर तोच पुन्हा जुळवण्यात पाच मिनिटं जातात. फिकट रंग आधी घ्या आणि त्यात गडद ब्रशच्या टोकाने घाला. उलटं केलंत तर पांढऱ्याची अर्धी बाटली जाईल.

लिंबाच्या छायेत काळा घातला की ते शेवाळी होतं. यलो ऑकर, थोडा बर्न्ट सिएना आणि कणभर अल्ट्रामरीन घ्या. वांग्याला क्रिमझन आणि अल्ट्रामरीन, छायेला त्यातच बर्न्ट सिएना. कपाच्या छायेला पांढऱ्यात अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. लिंबाशेजारच्या भागात त्याच ढिगात जरा ऑकर, कारण पिवळा तिथे कपावर उमटतो. उबदार, म्हणजे पिवळ्या-तांबड्याकडचा, रंग फक्त पांढऱ्याने फिका केला तर खडूसारखा दिसतो. सोबत टोकभर लेमन यलो किंवा व्हर्मिलियन घाला.

प्रत्येक ढिगाचा ठिपका पुठ्ठ्याच्या कडेला लावून वाळू द्या. गडद रंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून वांग्याचा ढीग हवा त्याहून एक पायरी गडद ठेवा. वाळलेला ठिपका पहिल्या कागदावरच्या त्याच जागेशी ताडून बघा. टोन जुळला असेल तर रंग थोडा इकडेतिकडे गेला तरी चित्र उभं राहतं. टोन चुकला तर अचूक जांभळाही वाचवत नाही.

भरताना वांग्यापासून सुरुवात करा, मग कापड, मग कप आणि लिंबू. सगळ्यांत गडद जागा एकदा बसली की बाकीचं तिच्याशी ताडता येतं. वांग्यावरची चमक शेवटी, एका फटक्यात. खिडकीचा उजेड असेल तर पांढऱ्यात किंचित अल्ट्रामरीन. ती घोटत बसलात तर खालचा जांभळा सुटून राखाडी डाग होतो.

गजर झाला की ब्रश खाली. मांडणी आणि चित्र एकाच फोटोत येईल असा मोबाइल धरा आणि फोटो कृष्णधवल करून बघा. कुठे घसरलं ते रंग बाजूला झाल्यावर लगेच दिसतं. बहुधा कप जास्त फिका असतो आणि कापडाची छाया उथळ. तोच कागद दुरुस्त करत बसू नका, चूक कडेला लिहा आणि तीच मांडणी नव्या पुठ्ठ्यावर घ्या.

दोन-तीन कागद बरे जमले की वेळ पंधरा मिनिटांवर आणा, पण मिसळण्याचा तिसरा हिस्सा तसाच ठेवा. नंतर कापड बदला: लाल कापडावर कपाची छाया आणि लिंबाचा तळ दोन्ही तांबूस होतात आणि जुने ढीग उपयोगी पडत नाहीत. पितळी तांब्या किंवा स्टीलचा पेला मात्र इतक्यात आणू नका. त्यात सर्वांत फिका आणि सर्वांत गडद टोन एकमेकांना चिकटून येतात, मधले जवळजवळ नसतातच. चारच टोनमध्ये वांगं बसवता येऊ लागलं की मग पेला घ्या, आणि पहिल्यांदा तोही काळ्या-पांढऱ्यातच.