जोत्याच्या भरावातली ड्रेनेज लाइन : नव्याने प्लंबिंगला लागलेल्यांसाठी

बंगल्याच्या जोत्यात मुरूम पडला की ठेकेदाराची घाई सुरू होते, "पाईप टाकून घ्या, परवा पीसीसी आहे." (पीसीसी म्हणजे फरशीखालचं साधं काँक्रीट.) नेमकं इथेच अडून बसा. सैल भरावावर टाकलेली लाइन आज छान उतारात दिसते, पण पावसाळ्यात भराव बसतो. पाईपचं एक टोक प्लिंथ बीममध्ये (जोत्याच्या काँक्रीटच्या तुळईत) आवळलेलं, ते जागचं हलत नाही. मधला भाग मुरमाबरोबर खाली जातो. पाईपला पोट पडतं, तिथे मैला साचतो आणि बीमच्या आतल्या अंगाला पाईप चिरतो किंवा सॉकेट (पुढचा पाईप ज्यात बसतो ते रुंद तोंड) सुटतं. वरून काही कळत नाही. कमोड तुंबायला लागतो, जोत्याला ओल येते, मग फरशी फोडा.

म्हणून भराव 150 ते 200 मिमीच्या थरांनी, पाणी मारून, धुम्मस करून पूर्ण उंचीला येऊ द्या. मगच त्यात चर खणा. तळाला 75 ते 100 मिमी वाळू पसरा. सॉकेट येईल तिथे वाळूत खळगी करा, नाहीतर पाईप सॉकेटवरच टेकतो आणि मधे अधांतरी राहतो. विटेचे तुकडे खाली सारून उतार साधू नका, सगळा भार त्याच टेकूंवर येतो. बीमचं काँक्रीट पडण्याआधी 160 मिमीचा तुकडा स्लीव्ह म्हणून सोडा. त्यातून 110 चा पाईप सैल जाऊ दे, फट सिमेंटने भरू नका.

कमोडला 110, नहाणी ट्रॅपला 75, आणि पाईप बी टाइपच (मैलापाण्यासाठीचा, जाड भिंतीचा) घ्या. 110 ला 1:60 उतार धरला तर 3 मीटरच्या नळीला 50 मिमी. लेव्हल ट्यूबमध्ये (उतार मोजायच्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीत) बुडबुडा अडकला की माप खोटं येतं, दर वेळी ट्यूब झटकून बघा. हे दोन-तीन साइटवर हातात बसतं, घाबरू नका. मात्र जो मिस्त्री वर्षभर नुसते चर खणायला लावतो आणि लेव्हल हातात देत नाही, त्याच्याकडे फार दिवस काढू नका.

वळणाला 90 अंशाच्या एल्बोऐवजी 45 अंशाचे दोन घ्या. पाईप जाळावर तापवून वाकवणं तर नकोच, भिंत पातळ होते. कमोडचं तोंड तयार भिंतीपासून मोजा. कच्च्या विटेपासून मोजत असाल तर प्लास्टर आणि टाइलचे साधारण 40 मिमी जास्त धरा. हे अंतर 225 मिमी की 300, ते कमोडचं मॉडेल बघून ठरवा.

चेंबरकडचं तोंड प्लगने बंद करून कमोडच्या तोंडापर्यंत पाणी भरा, खूण करा, रात्रभर ठेवा. पातळी उतरली तर सांधे उघडे आहेत तोवरच शोधा. उतरली नाही तर पाणी तसंच ठेवून पाईपच्या दोन्ही कुशींना हाताने वाळू ठासा, वर 150 मिमी येईपर्यंत. खूण हलली नसेल तरच प्लग काढा आणि तोंडांना कॅप लावा. सिमेंटची गोणी कोंबून ठेवलीत तर गवंड्याचा माल आत जातोच.