घरातल्या गायिकेची स्मरणिका काढताना

जी स्वतः गात असे, जिने पुष्कळांना गाणे शिकवले आणि घरही जिच्या शब्दावर चालत असे, अशा आजीच्या वर्षश्राद्धाला स्मरणिका काढायची असेल, तर सत्कारांच्या यादीपासून सुरुवात करू नये. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचेच पाहा. १९०४ साली गोव्यातल्या कुर्डीत जन्म, अल्लादियाखाँसाहेबांची तालीम, १९७४ साली पद्मभूषण, २००१ साली निधन, एवढे कोणीही दोन ओळींत लिहील. पण माई (म्हणजे मोगूबाई) अस्थाई-अंतरा, म्हणजे बंदिशीचे दोन भाग, दोनदाच म्हणून दाखवत, तिसऱ्यांदा नाही, ही त्यांची मुलगी आणि शिष्या किशोरीताई आमोणकर यांनी सांगितलेली आठवण वाचली की गुरू आणि आई एकदमच समोर उभ्या राहतात. आपल्याला अशाच आठवणी हव्यात.

त्या शिष्यांकडे असतात. मात्र ‘बाई कशा होत्या?’ असे विचारले, तर ‘फार प्रेमळ होत्या’ यापलीकडे काही हाती लागत नाही. पहिला राग कोणता शिकवला, तो किती महिने चालला, सूर हलला की त्या काय म्हणत, शिकवणी लांबली तर जेवायला कोण वाढी, असे विचारावे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत टिपावे. वयाने सर्वांत मोठ्या शिष्येकडे आधी जावे. मुलांच्या आणि सुनांच्या आठवणी नंतर घेतल्या तरी चालतात, कारण त्या घरातच आहेत.

वह्यांचे फोटो काढताना पान संपूर्ण घ्यावे. यमनची बंदिश, खाली स्वरलिपी आणि समासात दुधाचा हिशेब असे पान सापडले, तर हौशी नातवंडे हिशेब कापून बंदिश तेवढी ‘स्वच्छ’ करून ठेवतात. तसे मुळीच करू नये. तिचा दिवस कसा जात असे हे त्या समासाइतके नेमके दुसरे काही सांगत नाही.

कॅसेटची मात्र घाई करावी. फितीवर पांढरी बुरशी दिसली, तर ती कॅसेट घरी वाजवू नये, कारण बुरशी टेपच्या हेडला लागून पुढच्या फितींवर जाते. ती जाणकाराकडे द्यावी. चांगल्या कॅसेटच्या पाठीवरच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या आधी मोडाव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. मूळ प्रत वेव्ह फाईलमध्ये ठेवावी आणि नातेवाइकांना पाठवायला एमपीथ्री करावी. मधली खोकल्याची उबळ किंवा ‘पुन्हा म्हण’ हे दरडावणे काढून टाकू नये.

तिच्या रागाचे, रुसव्याचे, अर्धवट सुटलेल्या शिष्येचे काय करायचे, यावर घरात वाद होतोच. माझ्या मते राग लिहावा, पण ज्याच्यावर तो निघाला त्याची संमती घेऊन. मजकूर छपाईला जाण्यापूर्वी गाण्यातल्या रागांची नावे एखाद्या शिष्येकडून आणि नात्यांची नावे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तपासून घ्यावीत, कारण स्मरणिकेतली चूक पुढच्या पिढीत पुरावा म्हणून दाखवली जाते.