शिबिरात जुन्या साड्यांची गोधडी शिकवायची असेल तर

सस्टेनेबल फॅशनचं वर्कशॉप म्हटलं की लोक आधी पीपीटी बनवायला बसतात. मी पण पहिल्या वर्षी तेच केलं, एका कॉटन टी-शर्टमागे साधारण २७०० लिटर पाणी जातं वगैरे सगळं सांगितलं, दहा मिनिटांत मागची पोरं खाली क्रिकेट खेळायला पसार. तेव्हापासून आधी हातात सुई, बाकीच्या गप्पा टाके घालता घालता.

आमच्या सोसायटीत मे महिन्यात चार दिवस, रोज दोन तास घेतो. तेवढ्यात मोठी गोधडी होत नाही, त्या नादाला लागूच नका, बाळाचं दुपटं करा, तीन फूट बाय तीन फूट, चौघांत एक. एका नऊवारीतून चार थरांची दोन दुपटी निघतात.

साड्या मागवताना मेसेजमध्ये स्पष्ट लिहा: धुतलेल्या, सुती, फॉल काढलेल्या. तरी निम्म्या सिंथेटिक येतातच, आणि त्या सरकतात, बाळाच्या अंगाला पण बऱ्या नाहीत. ओळखायचं कसं, तर पदराचे दोन धागे काढून स्टीलच्या ताटलीत जाळायचे (हे मोठ्यांनीच करा, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून). सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख, पॉलिस्टर असेल तर वितळून कडक मणी होतो. पोरांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, आणि पॉलिस्टर म्हणजे प्लास्टिकच हे वेगळं सांगावं लागत नाही.

अजून एक, कात्री लावायच्या आधी साडी आणणाऱ्याला दोनदा विचारा. आमच्याकडे एका काकूंनी घाईत सासूबाईंची साडी दिली, आम्ही कापली, मग त्या रडायलाच लागल्या. आता मी आधी प्रत्येकाला साडीची गोष्ट सांगायला लावते, ज्याचा आवाज जड होतो ती साडी परत पिशवीत.

शिकवायला सोसायटीतल्याच एखाद्या आजींना बसवा, बाहेरून डिझायनर वगैरे आणायची काही गरज नाही. थर जमिनीवर ताणून पसरायचे, चार कोपऱ्यांवर भरलेले डबे ठेवायचे, मग मोठे मोठे कच्चे टाके घालून सगळे थर धरून घ्यायचे. ही पायरी गाळली की मधे फुगा येतो आणि तो नंतर कशानेही जात नाही! त्यानंतर कडा आत दुमडून धावदोरा, दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा हातभरच घ्या. परत परत ओवायचा कंटाळा म्हणून पोरं लांबलचक घेतात आणि मग अर्धा तास गुंता सोडवत बसतात. टाके वाकडे गेले तर जाऊ द्या, उसवायला लावलंत तर दुसऱ्या दिवशी तो मुलगा येणार नाही. हो, मुलगा, कारण नाव नोंदवतानाच मुलगे पण पाहिजेत असं मी लिहिते.

ज्यांना दुपट्यात रस नाही त्यांना बटण लावायला द्या. बटणावर काडेपेटीची काडी आडवी ठेवून तिच्यावरून टाके घालायचे, काडी काढली की दोरा सैल होतो, तो बटणाखाली चार वेढे घेऊन घट्ट करायचा. जाड कापडावर पण बटण नीट बसतं. कॉलेजची मुलं यालाच जास्त येतात, कारण त्यांचे अर्धे शर्ट बटणापायीच कपाटात पडून असतात.

उरलेले तुकडे टाकू नका, पायपुसणी होतात. सिंथेटिक साड्या मात्र ज्याच्या त्याला परत, नाहीतर त्या बोहारणीकडे कोण नेणार यावरून शेवटी सगळं गाठोडं आयोजकाच्या घरी येतं (माझ्याकडे अजून दोन आहेत).

आणि सुया रोज मोजून द्या, मोजून घ्या. एक जरी कमी भरली तरी दुपट्यावर दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवल्याशिवाय कुणाला घरी सोडू नका.