स्लॅबच्या आधी: माल किती, वजन किती

मे महिन्यात अख्ख्या कोकणात एकदमच स्लॅबची घाई असते. ऐनवेळी सिमेंटची दहा पोती कमी पडली तर मिळतीलच असं नाही, आणि काम मध्येच थांबलं की सांधा राहतो. पावसात पाणी झिरपतं ते तिथूनच. म्हणून टेप घेऊन आधीच सेंटरिंगवर, म्हणजे स्लॅब ओतायच्या फळ्या-टेकूंच्या साच्यावर चढा.

माप खोलीच्या आतून नको, भिंतीवर बसणाऱ्या भागासकट बाहेरून बाहेर घ्या. २० बाय १५ फूट आणि ५ इंच जाडी म्हणजे १२५ घनफूट. बीम मात्र हमखास विसरला जातो! चारही बाजूंनी ९ इंच रुंद, स्लॅबखाली १० इंच उतरलेला बीम आणखी ४२ घनफूट खातो. एकूण १६७, म्हणजे ४.७३ घनमीटर. छज्जा वेगळा मोजा, वर पाच टक्के सांडलवंड धरा.

सळया बांधायच्या आधी फळ्यांवर आडवी-उभी दोरी ताणून त्या कुठे खाली गेल्या नाहीत ना, ते बघा. सगळीकडे अर्धा इंच जाडी वाढली, तर साडेबारा घनफूट माल आणि जवळपास ९०० किलो वजन वाढतं.

वजनासाठी सळईसकट काँक्रीट घनमीटरला २५०० किलो धरतात. आपला स्लॅब बीमसह पावणेबारा टनांच्या वर जातो. ओला असताना हा सगळा भार सेंटरिंगवर, शिवाय वर माणसं, घमेली, व्हायब्रेटर. टेकू पुळणीत नुसते रोवू नका, खाली जाड फळी द्याच.

सिमेंट एम-२० ताकदीच्या काँक्रीटला, म्हणजे सिमेंट, वाळू, खडी १ : १.५ : ३ ला, घनमीटरमागे साधारण आठ पोती लागतं. पण मापाने माल कालवायची मुभा आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात एम-२० पर्यंतच आहे. किनाऱ्यावरच्या उघड्या कामाला तेच मानक किमान एम-३० मागतं, तेव्हा इंजिनिअरकडून मिक्स डिझाइन, म्हणजे कुठला माल किती घालायचा त्याचा हिशोब घ्या आणि पोती त्यावरून मोजा. पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पट, पन्नास किलोच्या पोत्याला साडेबावीस लिटर. ओल्या वाळूतलं पाणी यातूनच वजा करायचं. विहीर मचूळ असेल तर टँकर सांगा, पुढे स्लॅबवर मारायलाही गोडंच पाणी हवं. खाडीची न धुतलेली वाळू दारात उतरवूनच घेऊ नका, तिच्यातलं मीठ सळई खातं.

आणि ऑर्डर देण्याआधी कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा किती थर ठेवायचा, ते विचारा. अशा उघड्या कामाला सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलं आहे. ते ५ इंचात नीट बसत नसेल, तर इंजिनिअर जाडी वाढवायला सांगेल. ६ इंच केली की नुसत्या स्लॅबमध्येच २५ घनफूट आणि पावणेदोन टन वाढतात. मग पोती, वाळू, खडी आणि टेकू, सगळंच पुन्हा मोजायला घ्या.