एआर-व्ही७ चा बँड दिसत नाही? आधी या चुका टाळा

प्रोस्टेट कॅन्सरच्या सेल्सवर नवीनच काम करताय आणि "आमच्या सेल्समध्ये एआर-व्ही७ (अँड्रोजेन रिसेप्टरचा, म्हणजे पुरुष हॉर्मोन पकडणाऱ्या प्रोटीनचा, आखूड प्रकार) नाहीच" असं म्हणताय? थांबा जरा. मीपण असंच म्हणत तीन वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रोटीनचा पट्टा, म्हणजे बँड, शोधायची टेस्ट) वाया घालवलेत, आणि शेवटी कळलं की अँटिबॉडीच सी-टर्मिनलची, म्हणजे प्रोटीनचं शेवटचं टोक ओळखणारी, होती 😅

झालं काय, तर अँड्रोजेन रिसेप्टरच्या जीनमध्ये नेहमीचे ८ एक्सॉन (आरएनएमध्ये टिकणारे तुकडे; मधले कापून टाकले जाणारे ते इंट्रॉन). व्ही७ मध्ये पहिले तीन नीट जुळतात, पण पुढे चौथ्याऐवजी मधल्या इंट्रॉनमध्ये दडलेला एक तुकडा, म्हणजे क्रिप्टिक एक्सॉन ३, जोडला जातो आणि तिथेच स्टॉप कोडॉन येतो, त्यामुळे हॉर्मोन जिथे चिकटतो तो भाग प्रोटीनमध्ये येतच नाही. मग टेस्टोस्टेरॉन असो नसो, रिसेप्टर चालूच, आणि तिथेच बसून रिसेप्टर अडवणाऱ्या एन्झालुटामाइड या औषधाला बसायला जागाच नाही. तुमच्या सी-टर्मिनल अँटिबॉडीचीपण तीच गत. एन-टर्मिनलची, म्हणजे सुरुवातीचं टोक ओळखणारी, घ्या, फुल लेंथ ११० केडीएच्या (किलोडाल्टन, प्रोटीनचं वजन) आसपास दिसेल आणि व्ही७ साधारण ८० ला.

आरएनए पीसीआरने मोजताना प्रायमरचंही तसंच. दोन्ही प्रायमर एक्सॉन १ मध्ये असतील तर सगळे व्हेरियंट एकत्र मोजले जातात. एक एक्सॉन ३ मध्ये, दुसरा क्रिप्टिक एक्सॉनमध्ये हवा. दोन्ही क्रिप्टिकमध्येच टाकलेत तर जीनोमिक डीएनएपण वाढतो, म्हणून डीएनेझ (डीएनए तोडणारं एन्झाइम) वापरा आणि विनाआरटी (रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेला) कंट्रोल लावाच, कंटाळा नको.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून २२आरव्ही१ ही सेल लाइन घ्या. एलएनकॅप या सेल लाइनमध्ये व्ही७ जवळजवळ नसतो, तिथे शोधत बसू नका. व्हीकॅप सेल लाइनमध्ये असतो, पण अँड्रोजेन काढलं की वाढतो, त्यामुळे साधा सीरम वापरला की चारकोल-स्ट्रिप्ड (हॉर्मोन काढून टाकलेला), हे वहीत लिहा राव! दोन आठवड्यांनी कुणालाच आठवत नाही.

अजून एक, व्हेरियंटला म्युटेशन म्हणू नका. व्ही७ आरएनए कापण्या-जोडण्यात होतो, यू२एएफ६५ आणि एसआरएसएफ१ सारखे फॅक्टर त्या जागेवर बसतात म्हणून, त्यामुळे नुसत्या डीएनए रिपोर्टमध्ये तो सापडणार नाही.

आणि पेशंटबद्दल बोलताना जपून. २०१४ च्या जॉन्स हॉपकिन्सच्या अभ्यासात रक्तातल्या ट्यूमर सेल्समध्ये व्ही७ सापडलेल्या एकाचाही पीएसए (रक्तातलं प्रोस्टेटचं प्रोटीन, औषध लागू पडलं का ते यावरून बघतात) एन्झालुटामाइड किंवा अबिराटेरोन या हॉर्मोन-विरोधी औषधाने अर्ध्यावर आला नाही, हे खरं, पण असे पेशंट होते फक्त १८, आणि डोसेटॅक्सेलसारखी टॅक्सेन औषधं व्ही७ असूनही चालू शकतात.