निबंधाचे मुख्य विधान लिहिताना या चुका टाळा

निबंध वाचून संपतो, तरी लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते ते सांगता येत नाही. अशा निबंधात माहिती बहुधा पुरेशी असते, पण त्याचे मुख्य विधान, म्हणजेच थीसिस स्टेटमेंट, कच्चे राहिलेले असते. प्रश्नाला तुमचे उत्तर आणि त्यामागचे कारण प्रस्तावनेच्या शेवटी एक-दोन वाक्यांत यायला हवे. ते कुठे बिघडते, हे एकच प्रश्न धरून पाहू: 'सारायेव्होतील हत्येनंतर पहिले महायुद्ध का पेटले?' (सारायेव्हो हे बोस्नियातले शहर; ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाची हत्या तिथेच झाली.)

उत्तराऐवजी विषयाची घोषणा

'या निबंधात पहिल्या महायुद्धाच्या कारणांची चर्चा केली आहे.' यातून वाचकाला शीर्षकापलीकडे काही मिळत नाही. कच्च्या कागदावर 'माझ्या मते' लिहा, पुढचे वाक्य पूर्ण करा आणि मग ते दोन शब्द खोडा. जे उरेल ते निदान मत तरी असेल. मुख्य विधानाच्या जागी प्रश्न लिहिणे ही याच चुकीची दुसरी तऱ्हा. प्रश्न प्रस्तावनेत जरूर विचारा, पण त्याचे उत्तरही तिथेच द्या.

वाद होऊच शकत नाही असे विधान

'२८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या युवराजाची हत्या झाली आणि बरोबर महिन्याने युद्ध सुरू झाले.' यातले सगळे खरे आहे, आणि म्हणूनच ते मुख्य विधान होऊ शकत नाही. वाक्य नकारार्थी करून पाहा. विषय जाणणारा एखादा माणूस ती उलट बाजू गंभीरपणे मांडू शकेल का? नसेल, तर तुमच्या हातात फक्त वस्तुस्थिती आहे. 'युद्ध वाईट असते' हे वाक्यही याच कसोटीला उतरत नाही.

राजकीय, आर्थिक आणि सामाजिक

सर्वांत चिवट चूक हीच, कारण ती नीटनेटकी दिसते. 'या युद्धाला राजकीय, आर्थिक आणि सामाजिक कारणे होती' असे लिहिले की तीन परिच्छेद आपोआप तयार होतात. आता 'या युद्धाला' खोडून तिथे 'फ्रेंच राज्यक्रांतीला' लिहा. वाक्य तसेच चालते. कुठल्याही विषयाला चालणारे वाक्य तुमच्या विषयाबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय तिन्हींपैकी वजनदार कारण कोणते, एकातून दुसरे निघाले का, हेही त्यात नाही. नेमका तोच तर निबंधाचा विषय आहे.

दुरुस्तीसाठी 'असले तरी' आणि 'कारण' या दोन सांध्यांचा आधार घ्या: 'युवराजाची हत्या हे निमित्त असले, तरी ऑस्ट्रिया-हंगेरी आणि सर्बिया या दोन देशांतल्या भांडणाचे महायुद्ध झाले ते सैन्य जमवण्याच्या ठरलेल्या योजनांमुळे, कारण त्या सुरू झाल्यावर वाटाघाटींना वेळच उरला नाही.'

हे विधान पुरावे मागते आणि कोणते हवेत तेही सांगते. ३० जुलैला रशियाने सर्वत्र सैन्य जमवण्याचा निर्णय घेतला, १ ऑगस्टला जर्मनीने रशियाविरुद्ध आणि ३ ऑगस्टला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले, ४ ऑगस्टला जर्मन सैन्य बेल्जियममध्ये शिरले. या तारखांमधले अंतर हाच तुमचा युक्तिवाद. 'खरे कारण लष्करी करारांचे होते' असे म्हणणाऱ्यालाही उत्तर देता येते: इटली जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीशी कराराने बांधलेला असूनही १९१४ मध्ये तटस्थ राहिला, म्हणजे करार होता म्हणून देश युद्धात उतरलाच असे नाही. उलट युवराजाचे बालपण किंवा खंदकांतले सैनिकांचे हाल ही माहिती कितीही आवडली, तरी या निबंधातून गळते. काय वगळायचे हे ज्या विधानावरून ठरत नाही, ते अजून सैल आहे असे समजा.

विधान चाळीस शब्दांपलीकडे गेले तर दोन वाक्ये करा. 'अत्यंत महत्त्वाचा', 'मोठी भूमिका बजावली' असे शब्दप्रयोग काढून टाका. भूमिका नेमकी कोणती, तेवढेच लिहा.

कुंपणावर बसणे

'कितपत सहमत आहात?' या प्रश्नाला 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' हे उत्तर पुरत नाही, कारण तिथे प्रमाण विचारले आहे. कोणती बाजू कुठवर पटते आणि कुठे थांबते, ते सांगा.

विधान एक, निबंध दुसराच

लिहिता लिहिता मत बदलते. ते चांगलेच आहे, पण प्रस्तावनेतले विधान जुनेच राहून जाते. म्हणून निबंध पूर्ण झाल्यावर मुख्य विधान वेगळ्या कागदावर उतरवा आणि त्याखाली प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य लिहा. प्रत्येक वाक्यापाशी विचारा: यामुळे विधान खरे ठरायला मदत होते का? होत नसेल तर तो परिच्छेद काढा, किंवा तो सामावेल असे विधान करा. शेवटचा परिच्छेद विशेष काळजीने वाचा. विचार तोवर पिकलेला असतो, त्यामुळे सर्वांत धारदार वाक्य पुष्कळदा तिथेच सापडते. ते उचलून प्रस्तावनेत न्या. मग प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य पुन्हा लिहा, कारण तिथले 'म्हणून', 'परंतु', 'त्यामुळे' हे दुवे जुन्या विधानाशी जोडलेले असतात.